कबड्डीसाठी मापाचा माउथगार्ड

पायाला हात घालायला वाकलं की चढाई करणाऱ्याचा गुडघा थेट तोंडावर येतो. म्हणून माउथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचं कवच, हवंच. दुकानातला, गरम पाण्यात मऊ करून चावायचा गार्ड मी घेतला नाही. चावताना तो नेमका दातांखाली दबून पातळ होतो, आणि सैल असला तर बोलताना सुटतो.

मापाचा गार्ड दंतवैद्याकडून बनवून घेतला. आधी दात तपासून घेतले. दाढ भरायची असेल, सफाई करायची असेल तर ती माप देण्याआधीच. नंतर भरली तर आकार बदलतो आणि गार्ड बसत नाही. (खर्चाचा प्रश्न असेल तर ही कामं मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात किंवा सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात करावीत, सकाळी लवकर जावं.)

माप वरच्या जबड्याचं. ॲल्जिनेटचा (दातांचा ठसा घ्यायच्या मऊ लगद्याचा) ट्रे दोन-तीन मिनिटं तोंडात राहतो. उमासा आला तर मान पुढे झुकवायची, नाकाने श्वास घ्यायचा. ॲल्जिनेट सुकलं की आकसतं, म्हणून माप लॅबकडे न पाठवता स्टोन प्लास्टर (दातांचा साचा बनवायचं कडक प्लास्टर) त्यात दवाखान्यातच ओतायला सांगितलं.

खरी गोम जाडीत आहे. ईव्हीएची (गार्ड ज्याचा बनतो त्या लवचीक प्लास्टिकची) शीट तापवून साच्यावर ओढली की ताणून पातळ होते. 3 मिलिमीटरची शीट पुढच्या दातांवर 3 उरतच नाही. समोर साधारण 3 आणि दाढांवर 2 मिलिमीटर तरी हवी. म्हणून दोन थरांचा बनवून घेतला आणि ताब्यात घेण्याआधी कॅलिपरने (जाडी मोजायच्या साधनाने) मोजायला लावला. हे कुणी आपणहून करत नाही, मागावं लागतं.

मग खुर्चीतच मोठ्याने ‘कबड्डी कबड्डी’ म्हणून पाहिलं. दम पंचाला स्पष्ट ऐकू यायला हवा, नाहीतर चढाई वाया. जीभ अडखळत होती, टाळूकडची कड घासून कमी केली. वरचा ओठ आतून हिरडीला जिथे पातळ पट्टीने जोडलेला असतो तिथे खाच लागते, नाहीतर सोलतं. खालचे दात दोन्ही बाजूंनी एकदम टेकले पाहिजेत. एकाच दाढेवर भार आला की जबडा दुखतो.

खेळ संपला की थंड पाणी, साबण, मऊ ब्रश. टूथपेस्टने ओरखडे पडतात, गरम पाण्याने आकार जातो. डबी भोकांचीच, पावसाळ्यात बंद डबीत ओल्या गार्डला बुरशी धरते. गार्ड घालून सरबत किंवा स्पोर्ट्स ड्रिंक पिऊ नये, आंबट साखरपाणी आत अडकतं आणि लाळ तिथे पोचत नाही. कड फाटली की नवा. दात अजून येत असलेल्या मुलांचा तर दर हंगामाला तपासून घ्यावा.