झिजलेल्या नटावरच कातला नवा नट

उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये अप्पांनी घेतलेला इंग्लिश लेथ अजून रोज चालतो. सगळी मापं इंचात. वर्षभर त्याच्या क्रॉस स्लाइडचं, म्हणजे टूल आडवं आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाचं, हँडल फिरवलं की पहिला पाव फेरा नुसताच जायचा. एका फेऱ्याला स्लाइड १०० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सरकते, म्हणजे २५ थाऊ ढिलाई! स्लाइड सरकवणाऱ्या स्क्रूवरचा नट काढला तर आतले आटे झिजून सुरीच्या धारेसारखे झालेले. एकजण म्हणाला, भंगारात घाला. मला ते ऐकवेना. ज्या लेथवर मी टूल धरायला शिकलो, तो एका नटासाठी मोडीत काढायचा?

नट गनमेटलचा. शंभरात ८८ भाग तांबं, १० कथील, २ जस्त. स्क्रूपेक्षा मऊ, कारण झिजायचं ते नटानं, स्क्रू टिकला पाहिजे. ओळखीच्या फाउंड्रीतून ओतीव तुकडा आणला.

स्क्रू पाच सुती (पाच अष्टमांश इंच), इंचाला १० आटे, अ‍ॅक्मी म्हणजे उतरत्या बाजूंचे चौकोनी, आणि डावे, म्हणजे उलटे. मधला भाग नेहमी वापरात असल्यानं तिथं तो बारीक झालाय, म्हणून मापं टोकाच्या कोऱ्या भागावरून घेतली. पण नवा नट कातायला स्क्रू तर जुन्या नटासकट परत लेथमध्येच बसवायचा होता. मग नवा नट कशात घालून बघणार? म्हणून आधी माइल्ड स्टीलचा, त्याच मापाचा छोटा स्क्रू कातला. तोच माझा गेज.

झिजक्या नटावर चांगला नट कसा होईल, असं पोरानं विचारलं. आट्यांचं अंतर मुख्य लीड स्क्रू, म्हणजे टूल लांबीच्या दिशेनं सरकवणारा स्क्रू, ठरवतो, क्रॉस स्लाइड नाही. आमचा लीड स्क्रू इंचाला ४ आट्यांचा. २० आणि ५० दात्यांचे गिअर लावले की इंचाला १० पडतात. ढिलाई मात्र दर कटला एकाच बाजूनं काढून घ्यायची, विसरलं की माप गेलं.

नटाला १३.३ मिलीमीटरचं भोक बोअर केलं. २९ अंशांचं टूल घासून घेतलं. डाव्या आट्यांना टूल आतून सुरू होऊन बाहेर येतं, त्यामुळं चकवर (काम धरणाऱ्या पकडीवर) आदळायची भीती नसते. शेवटचे कट एकेक थाऊचे. गेज तेल लावून घातला, बोटांनी फिरत आत गेला, कुठं अडला नाही. तो क्षण मी पोराला दोनदा करायला लावला.

नवा नट बसवला. टोकाला ढिलाई ३ थाऊ, मध्ये अजूनही ९. म्हणजे आता स्क्रूची पाळी. रॉड आणून ठेवलाय. लांब आणि बारीक आहे, ट्रॅव्हलिंग स्टेडी, म्हणजे टूलबरोबर सरकणारा आधार, लावूनच कातावा लागेल. तोवर जुना स्क्रू जागेवरच राहील, नवा कातायला तोच लागणार.