पत्ते कुटायला अटलांटापर्यंत

‘अजून पत्ते कुटतोस का रे?’ आई फोनवर दर रविवारी विचारते. तिचा खरा प्रश्न मॅजिक: द गॅदरिंग हा जादूगारांच्या लढाईचा पत्त्यांचा खेळ खेळून पोट भरतं का, हा असतो. माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. मी न्यू जर्सीत एच-वन-बी व्हिसावर आहे आणि ज्या कंपनीने हा व्हिसा काढला तिच्याशिवाय दुसरीकडे नोकरी करायची सोय नाही. त्यामुळे पूर्णवेळ खेळाडू व्हायचा विचारसुद्धा डोक्यात आणायचा नाही.

पण ज्यांना ही आडकाठी नाही त्यांचं तरी कुठे बरं चाललंय? २०१९ मध्ये मॅजिक बनवणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने मॅजिक प्रो लीग काढली आणि ३२ खेळाडूंना वर्षाला ७५,००० डॉलरची कंत्राटं दिली. मे २०२१ मध्ये याच कंपनीने लीगचा गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. जॉन फिंकेलसारखा मॅजिकमधला दिग्गजही शेवटी हेज फंडात गेला. दुसरा मॅजिक खेळाडू डेव्हिड विल्यम्स पोकरकडे वळला आणि २००४ च्या पोकर वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत दुसरा आला. मॅजिकमधले हुशार लोक पैसे कमवायला बहुधा मॅजिकच्या बाहेर जातात, असं माझं मत आहे.

प्रो टूर, म्हणजे मॅजिकची वरच्या पातळीची स्पर्धा, तिचा दरवाजा मात्र सगळ्यांना उघडा आहे. आधी गावातल्या दुकानात पात्रता स्पर्धा, जिला सगळे आरसीक्यू म्हणतात. ती जिंकली की रीजनल चॅम्पियनशिपचं बोलावणं. तिथे वरच्या नंबरात आलात की प्रो टूर. २०२३ मध्ये प्रो टूरचं पहिलं बक्षीस ५०,००० डॉलर होतं. दुकानातले सगळे मनात तोच आकडा धरून बसायचे.

आमची आरसीक्यू एका दुकानाच्या मागच्या खोलीत व्हायची. लांब फोल्डिंग टेबलं, पन्नास मिनिटांची फेरी, तीनपैकी दोन डाव. साठ पत्त्यांचा डेक आणि पंधरांचा साइडबोर्ड, म्हणजे दोन डावांच्या मध्ये बदलायला ठेवलेले पत्ते, आधीच लिहून द्यायचा, त्यात पुढे फरक चालत नाही. माझ्या लक्षात राहिलेली फेरी शेवटून दुसरी. एक-एक बरोबरी आणि जजने ‘टाइम’ पुकारला. अशा वेळी चालू टर्ननंतर आणखी पाच टर्न मिळतात. त्यातही निकाल लागला नाही, आणि बरोबरीचा एक गुण आमच्यापैकी कुणाच्याच कामाचा नव्हता.

इथे जिभेवर ताबा लागतो. समोरचा आपणहून हार मानू शकतो, त्याला तसं विचारायलाही हरकत नाही. पण ‘बक्षिसातलं अर्धं देतो’ एवढं तोंडातून निघालं की तेव्हा लाच समजून स्पर्धेबाहेर काढायचे. नाणं उडवून ठरवू म्हटलं तरी तीच शिक्षा व्हायची. जज शेजारीच उभा. मी हात मांडीवर ठेवून गप्प बसलो. समोरच्या मुलाने फोनवर गुणतक्ता पाहिला, स्वतःचा टायब्रेक, म्हणजे गुण सारखे असले की क्रम ठरवणारा आकडा, पाहिला, सुस्कारा टाकला आणि म्हणाला, ‘तूच पुढे जा, माझं काही होत नाही.’ त्या दिवशी मला बोलावणं मिळालं. त्याला मी नंतर साधी कॉफीसुद्धा पाजली नाही, उगाच कुणाच्या मनात शंका नको.

रीजनल डिसेंबर २०२३ मध्ये अटलांटाला, फॉरमॅट, म्हणजे कोणते पत्ते चालतील ते ठरवणारा प्रकार, पायोनियर. माझा डेक हिरवा, म्हणजे मोनो-ग्रीन डिव्होशन. त्याचा अर्धा जीव ‘कार्न, द ग्रेट क्रिएटर’ या पत्त्यात, कारण तो साइडबोर्डमधून हवं ते आर्टिफॅक्ट, म्हणजे वस्तूचा पत्ता, खेचून आणतो. स्पर्धा तोंडावर आलेली आणि ४ डिसेंबरला पायोनियरमध्ये कार्नवर बंदी आली. नुसते चार पत्ते गेले असते तर निभावलं असतं. इथे कार्नसाठी भरलेला जवळजवळ सगळा साइडबोर्डच कचरा झाला.

अशा वेळी दुकानातली माणसं कामी येतात. एका मित्राने इझेट फिनिक्स नावाचा दुसरा अख्खा डेक स्लीव्हसकट, म्हणजे पत्त्यांच्या प्लास्टिक पिशव्यांसकट, हातात ठेवला, ‘खराब करू नकोस’ एवढीच अट. फिनिक्स चालवणं म्हणजे मोजदाद: एका टर्नमध्ये इन्स्टंट किंवा सॉर्सरी प्रकारचे तीन स्पेल, म्हणजे मंत्रांचे पत्ते, टाकले की ग्रेव्हयार्डमधला, म्हणजे वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगातला, आर्कलाइट फिनिक्स उठून हल्ल्याला येतो. मी प्रत्येक स्पेलला फासा एक घर फिरवायचो, म्हणजे समोरच्याशी वाद नको. ऑफिसनंतर रात्री जेवून तेवढाच सराव. बायकोलाही ‘ट्रेझर क्रूझ’ हा पत्ता कधी टाकायचा ते कळायला लागलं होतं, इतकं मी ते मोठ्याने बोलायचो.

अटलांटाचा हॉल प्रचंड. शेजारी व्हिडिओ गेमचा ड्रीमहॅक मेळा, त्याचा दणदणाट अंगावर येतो. चौघांनी मिळून एक खोली घेतली होती आणि झोप कुणालाच धड लागली नाही. सकाळपासून फेऱ्या, मध्ये जेवायला वेळ नाही. मी बॅगेत चिवडा आणि केळी ठेवली होती, शेजारच्या टेबलांनीही हात मारला. एका फेरीआधी जजने डेक उचलून नेला, पत्ते यादीशी ताडून पाहिले आणि गेलेली मिनिटं वाढवून दिली. उसना डेक असल्यामुळे माझी धडधड जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी खेळायला मिळालं. दुपारपर्यंत आशाही होती. मग ‘अमालिया’ या पत्त्यावर बेतलेला डेक खेळणारा भेटला. अमालिया आणि वाइल्डग्रोथ वॉकर हे दोन प्राण्यांचे पत्ते एकत्र आले की एकमेकांना ढकलत राहतात, अमालियाची ताकद वीस होते आणि बाकीचे सगळे प्राणी साफ. हे माझ्यासोबत सलग दोन डावांत झालं. पुढची फेरीही गेली आणि शिकागोच्या प्रो टूरची वाट बंद झाली.

विमान, खोली आणि प्रवेश फी मिळून जेवढे गेले, त्याच्या निम्मेही परत आले नाहीत. फिनिक्स जसाच्या तसा मित्राला दिला. कार्न अजून माझ्याकडेच आहेत. मॉडर्न या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये ते चालतात, म्हणून विकले नाहीत.