लुइसची हार्वीज: एका गावाची बिअर

डिसेंबर २००६मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या लुइस गावच्या लोकांनी आपल्याच लाडक्या पबवर बहिष्कार टाकला. ‘लुइस आर्म्स’ हा किल्ल्याजवळचा जुना पब. तो ग्रीन किंग या मोठ्या कंपनीच्या मालकीचा होता आणि कंपनीने तिथली हार्वीजची बिअर बंद केली. हार्वीजची ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवण्याचा कारखाना, तिथून खाली उतरलं की नदीपलीकडे, पायी जाण्याच्या अंतरावर. लोकांनी सह्यांची मोहीम काढली, भर हिवाळ्यात पबच्या दाराशी उभं राहून येणाऱ्यांना समजावलं, आणि एप्रिल २००७मध्ये कंपनीला हार्वीज परत आणावी लागली. एखाद्या बिअरवर गावाचा एवढा जीव असतो, हे वाचल्यापासून लुइसला जायचं मनात होतं. यंदा लंडनच्या मुक्कामात ते जमलं.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून लुइसला थेट गाडी आहे, तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. ब्रायटनला उतरला असाल तर तिथून जेमतेम पंधरा मिनिटं. गाडी भाड्याने घेऊन जाऊ नका. इंग्लंडमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याचे कायदे कडक आहेत, आणि ब्रुअरी बघायला जाऊन फक्त वास घेऊन परतायचं यात काही अर्थ नाही. स्टेशनवरून चालत हाय स्ट्रीट गाठायचा आणि उतार उतरत उझ नदीवरच्या क्लिफ पुलाकडे जायचं. पुलाच्या अलीकडेच भिजवलेल्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडसर, उबदार वास नाकाला लागतो. पुलावर आलं की नदीकाठी विटांचा उंच मनोरा दिसतो. गावात त्याला प्रेमाने ‘लुइसचं कॅथीड्रल’ म्हणतात.

हार्वीजचा इतिहास १७९० सालापासून सांगतात. जॉन हार्वी हा मुळात वाइन आणि मद्याचा व्यापारी. बिअर नंतर आली. पुढे धंदा नदीकाठच्या ब्रिज वॉर्फ या जागेवर स्थिरावला आणि १८८०च्या सुमारास विल्यम ब्रॅडफर्ड या वास्तुकाराने आजचा मनोरा बांधला. ब्रॅडफर्डने इंग्लंडभर ब्रुअऱ्या बांधल्या. ऑक्सफर्डशरमधली हूक नॉर्टनची प्रसिद्ध ब्रुअरीही त्याचीच. मनोरा दिखाव्यासाठी नाही. धान्य एकदा वर चढवलं की पुढचं बरंचसं काम गुरुत्वाकर्षण करतं: वरच्या मजल्यावर माल्ट दळायचं, खालच्या भांड्यात गरम पाण्यात भिजवायचं, निघालेलं गोड पाणी हॉप्स (कडवटपणा आणणारी एका वेलीची फुलं) घालून उकळायचं, थंड करून आंबवायला सोडायचं आणि शेवटी तळघरात पिंपं भरायची. पंप कमी, जिने भरपूर. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी ब्रुअरी बघण्याच्या सहलीचं बुकिंग करण्याआधी हे जरूर विचारून घ्यावं.

आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो ते आंबवण्याच्या खोलीत. मोठी उघडी भांडी, आणि त्यांवर यीस्टचा जाड, फिकट तपकिरी थर. मध्येच एखादा बुडबुडा फुटतो आणि थराला भेग पडते. वाकून वास घ्यायचा मोह होतो, पण तो आवरा. वर जमलेला कार्बन डायऑक्साइड नाकात गेला की डोळ्यांतून पाणी येतं. हे यीस्ट १९५७ साली यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरच्या जॉन स्मिथ्स ब्रुअरीतून आणलं. तेव्हापासून एका खेपेवरचं काढायचं आणि पुढच्या खेपेला लावायचं, हाच क्रम चालू आहे. आपल्याकडे आजीचं विरजण सुनेकडे आणि सुनेचं नातसुनेकडे जातं, तसंच हे. इतक्या वर्षांत ते याच इमारतीचं होऊन गेलंय. पाणीही इथलंच, ब्रुअरीच्या स्वतःच्या विहिरीचं, आजूबाजूच्या खडूच्या टेकड्यांतून झिरपलेलं. हॉप्सपैकी बरेच ससेक्स आणि शेजारच्या केंट-सरे भागातले. हार्वीजची बिअर दुसरीकडे कुठे बनवली तर ती हार्वीज राहणार नाही, असं इथले लोक ठामपणे सांगतात. ती खोली बघितल्यावर मलाही ते पटलं.

नदीने मात्र या ब्रुअरीला रडवलंही आहे. ऑक्टोबर २०००मध्ये उझला मोठा पूर आला, अर्धं गाव पाण्यात गेलं आणि ब्रुअरीतही पाणी शिरलं. तेव्हा आंबवायला ठेवलेली बिअर कुणी लक्ष द्यायला नसतानाही आपली आपण तयार झाली. ती ‘उझ बूझ’ नावाने बाटलीत भरून विकली आणि पैसा पूरग्रस्तांच्या मदतनिधीला दिला. पुढे पबसाठी गाव रस्त्यावर का उतरलं, याचं निम्मं उत्तर मला या पुरात सापडलं.

आता प्यायचं काय ते. सुरुवात ‘ससेक्स बेस्ट’नेच करा. ४ टक्के अल्कोहोल, रंग तांबूस, आधी माल्टचा बिस्किटी गोडवा आणि मग जिभेवर बराच वेळ रेंगाळणारा कोरडा कडवटपणा. थंडगार लागर प्यायची सवय असेल तर पहिल्या घोटाला ही ‘गरम आणि सपक’ वाटेल. ती गरम नसते, तळघराच्या तापमानाची, साधारण बारा अंशांची असते. गॅसही बाहेरून भरलेला नसतो, पिंपातच शेवटचं आंबणं होताना तयार झालेला असतो. अर्धा ग्लास होईपर्यंत धीर धरा. तिसऱ्या-चौथ्या घोटाला ती उलगडते. हिवाळ्यात गेलात तर गडद ‘ओल्ड एल’ सोडू नका (एल म्हणजे अशी पारंपरिक इंग्लिश बिअर). आयपीए, म्हणजे ‘इंडिया पेल एल’, मिळाली तर मुद्दाम चाखा. मुंबई-कलकत्त्याला जहाजाने यायची त्या कडक बिअरचं नाव, पण हार्वीजची आयपीए फक्त ३.२ टक्क्यांची. महायुद्धांच्या काळात धान्यटंचाई आणि करांमुळे इंग्लंडमधल्या बिअरी अशा हलक्या झाल्या. दुपारच्या जेवणाबरोबर ती सुंदर लागते.

ब्रुअरीसमोरच्या बोळात ‘जॉन हार्वी टॅव्हर्न’ आहे. तिथे जुनी प्रचंड लाकडी पिंपं कापून त्यांत बसायच्या जागा केल्यात. गर्दी नसेल तर तिथेच बसा. टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, काउंटरवर जाऊन मागवायचं आणि पैसेही तिथेच द्यायचे. अर्धा पाइंट (पाव लिटरहून थोडा जास्त) मागायला संकोच नको, चार प्रकार चाखायचे तर तोच शहाणपणा. वयाने लहान दिसणाऱ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावं. आणि पक्के शाकाहारी असाल तर आधी विचारा. पिंपातली पारंपरिक बिअर नितळ करायला माशाच्या वायुपिशवीपासून केलेला पदार्थ वापरायची इंग्लंडमध्ये जुनी रीत आहे. बारमागचे लोक नीट उत्तर देतात, कुणी हसत नाही.

ब्रुअरीची सहल हवी असेल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी सहलीचं बघा. जागा मोजक्या असतात आणि फार आधी भरतात. नाहीच मिळाली तरी वाईट वाटून घेऊ नका, क्लिफ हाय स्ट्रीटवरचं त्यांचं दुकान उघडं असतं. पाच नोव्हेंबरला मात्र विचार करून जा. त्या रात्री लुइसमध्ये मशालींच्या प्रचंड मिरवणुका निघतात, रस्ते बंद होतात आणि अलीकडच्या वर्षांत संध्याकाळनंतर गाड्या लुइसला थांबतच नाहीत.

मराठी माणसाने लुइसला गेल्यावर हाय स्ट्रीट चढून ‘बुल हाउस’ बघितलंच पाहिजे. टॉमस पेन १७६८ ते १७७४ या काळात लुइसला होता आणि या घरात राहत होता. हो, तोच पेन, ज्याचं ‘राइट्स ऑफ मॅन’ जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचलं आणि ज्याने त्यांच्या विचारांना धार आली. लुइसमध्ये तो अबकारी खात्यात होता. दारू-बिअर बनवणाऱ्यांचा माल मोजून कर आकारणं हे त्याचं काम. आपल्या सहकाऱ्यांना पगार वाढवून मिळावा म्हणून त्याने आयुष्यातली पहिली मोठी पुस्तिका लिहिली तीही इथेच. हार्वीज त्याच्या नावाची ५.५ टक्क्यांची ‘टॉम पेन’ एल बनवते. पुढे पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला होता, तोही त्या घरासमोर उभं असताना आठवला. गरिबाच्या घरची चूल विझवणारी दारू आणि गावाने जपलेला हा अर्धा पाइंट यांत अंतर आहे असं मी मानतो. पण जोतीरावांचा प्रश्न बाजूला सारून इथली बिअर प्यावी असंही मला वाटत नाही.

भारतात न्यायला एकच बाटली निवडायची तर ‘इंपीरियल एक्स्ट्रा डबल स्टाउट’ घ्या. ९ टक्क्यांची, डांबरासारखी काळी. अल्बर्ट ल कॉक हा व्यापारी लंडनहून रशियन साम्राज्यात असा स्टाउट, म्हणजे काळी, कडक बिअर, पाठवत असे. पुढे त्याच्या नावाच्या कंपनीने एस्टोनियातल्या टार्टूमध्ये तो बनवायला घेतला, आणि १९४०मध्ये सोव्हिएत सत्ता आल्यावर कारखाना सरकारजमा झाला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस हार्वीजने ती कृती पुन्हा उभी केली. भारतात करमुक्त दारूची मर्यादा माणशी दोन लिटर आहे, त्यात बिअरही धरली जाते. बाटल्या हातातल्या सामानात ठेवू नका. त्यांना जाड मोज्यांत घालून मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा, आणि घरी पोचल्यावर लगेच उघडू नका. ही वर्षभर अंधाऱ्या, गार जागी पडून राहिली तर अधिक चांगली लागते.