थव्यातला एक ग्रेट नॉट

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. एका वर्षी अलिबागजवळच्या अक्षीच्या किनाऱ्याची मोजणी माझ्याकडे होती आणि तीही पौष पौर्णिमेच्या दिवशी. पौर्णिमेला इथे उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. त्यामुळे सकाळी सातला पुळण दूरवर उघडी असते आणि पक्षी तिच्यावर इतके विखुरलेले असतात की दुर्बिणीतूनही केवळ ठिपके दिसतात. मोजणीची खरी वेळ भरतीच्या आधीच्या दोन तासांची, कारण चढते पाणी सगळ्यांना रेतीच्या एका अरुंद पट्ट्यावर आणून उभे करते.

दुर्मीळ पक्ष्याच्या मागे लागण्याऐवजी समोरचे नेहमीचे पक्षी नीट मोजावेत, असे माझे ठाम मत आहे. त्या दिवशीही मी चिखल्या या छोट्या किनारपक्ष्यांचा मोठा थवा डावीकडून उजवीकडे एकेक करून मोजत होतो. थव्याच्या कडेला पट्टेरी शेपटीचे चौदा पाणटिवळे होते आणि त्यांच्यात एक पक्षी बसकट, आखूड पायांचा, पण चिखल्यांहून स्पष्टपणे थोराड होता. चोच काळी, डोक्याच्या लांबीपेक्षा किंचित जास्त आणि टोकाशी जराशी खाली झुकलेली. राखाडी छातीवर गडद ठिपके. त्याच्यासारखाच किनारपक्षी असलेला रेड नॉट असता तर चोच आखूड आणि सरळ दिसली असती. हा ग्रेट नॉट होता.

ईशान्य सायबेरियाच्या डोंगराळ भागात वीण करणारे हे पक्षी बहुतांश पीत समुद्रामार्गे ऑस्ट्रेलियाकडे जातात. आपल्या किनाऱ्यावर ते क्वचितच दिसतात. दक्षिण कोरियातील सेमांगम येथे २००६ मध्ये सुमारे ३३ किलोमीटरचा बांध पूर्ण झाला, प्रवासातले त्यांचे फार मोठे चराऊ क्षेत्र त्यामागे अडकले आणि आज ही जात संकटग्रस्त मानली जाते. हे सारे ठाऊक असताना तो एकटा पक्षी चोच पाठीच्या पिसांत खुपसून विसावलेला पाहणे मला फार जड गेले.

एवढ्यात सुरूच्या बनातून तीन कुत्री धावत आली आणि सगळा थवा उठला. उडताना त्याची फिकट पांढरी कंबर दिसली, ओळखीबद्दल उरलेली शंकाही मिटली. पण ती अशी मिटायला नको होती. परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी अशा प्रत्येक उड्डाणात खर्ची पडते. थवा पुन्हा उतरला, कुत्र्यांनी पुन्हा उठवला आणि तिसऱ्यांदा तो उतरलाच नाही. पाण्यावरून खालून उडत नागावच्या दिशेने निघून गेला.

मी गणनापत्रकात ‘ग्रेट नॉट : १’ अशी नोंद केली, चार छायाचित्रे जोडली आणि शेऱ्याच्या रकान्यात कुत्र्यांनी थवा किती वेळा उठवला, तेही वेळेसह लिहिले.