नाण्यावरचा हिरवा चिकटा आणि ॲसिटोन

जुन्या अल्बममधून नाणं काढलं, बोटाला चिकट लागलं, वर हिरवट थर दिसला, की घरातलं कोणीतरी लगेच चिंच घेऊन येतं. थांबा! चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यातलं काहीही नको, कारण ती घाण बहुतेक वेळा नाण्याची नसून ते ज्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेलं असतं त्याची असते.

ते मऊ, नवीन रेनकोटसारखा वास येणारं प्लास्टिक असतं ना, ते पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट प्लास्टिसायझर घालतात, तो वर्षानुवर्षं झिरपत राहतो, वर पीव्हीसी स्वतःच हळूहळू खराब होत हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतं आणि ते तांब्याला धरतं, म्हणून हिरवा रंग. शिवराई, पाव आणा, १९४३ ते ४७ चा भोकाचा पैसा, हे तर सगळं तांबं नाहीतर ब्राँझ. आणि सहाव्या जॉर्जचा १९४० ते ४५ चा रुपया आपण चांदीचा म्हणतो खरा, पण त्यात चांदी निम्मीच, ४० टक्के तांबं आहे, त्यामुळे तोही सुटत नाही.

यावर उपाय म्हणजे शुद्ध ॲसिटोन. लॅब केमिकलच्या दुकानात मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात वास, रंग, तेल काय काय असतं आणि ते सगळं नाण्यावरच बसतं. काचेच्या वाटीत घ्यायचं (थर्माकोलचा कप विरघळतो, खरंच), नाणं बुडवायचं, वर काच झाकायची, थोड्या वेळाने उलटं करायचं, मग दुसऱ्या वाटीत ताज्या ॲसिटोनमध्ये एक डुबकी, आणि कडेला धरून तसंच वाळू द्यायचं. पुसायचं नाही, घासायचं तर अजिबातच नाही. फारच घट्ट असेल तर रात्रभर ठेवा, ॲसिटोन धातूला काही करत नाही, टोनिंगही (धातूवर काळाने आपोआप चढलेली रंगछटा) तसंच राहतं.

हे सगळं खिडकी उघडून, गॅस-उदबत्ती-सिगरेट सगळं लांब ठेवून. वाफ पटकन पेटते. आणि कागदी नोटा किंवा रंगवलेली स्मारक नाणी यात बुडवू नका प्लीज.

एवढं करूनही हिरवं राहिलंच आणि ते कोरडं, घट्ट असेल तर तो तांब्याचा गंज, तिथे ॲसिटोनचा काही उपयोग नाही. खाली खड्डे पडले असतील तर तेही भरून येत नाहीत, मग तसंच ठेवलेलं बरं, उगाच चमकवलेल्या नाण्यापेक्षा जाणकार तेच घेतो.

नाणं परत त्याच पाकिटात घालू नका म्हणजे झालं. मायलार (एक प्रकारचं पॉलिस्टर) किंवा पॉलीप्रॉपिलीनची पाकिटं घ्या, जरा कडक असतात. विकणारा सगळंच "पीव्हीसी फ्री" म्हणतो, तर पाकीट घरी आणून तपासायचं: तांब्याची तार लालबुंद तापवा, पाकिटाच्या कोपऱ्याला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसीच, पाकीट कचऱ्यात. धूर वाईट असतो, गॅलरीत करा, आणि ॲसिटोनची बाटली आत कपाटात ठेवूनच.