आमचा दाणा बुडतो

नागपुरातल्या एका काउंटरवर दोन काचेचे ग्लास शेजारी शेजारी ठेवलेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. एकात आम्ही बनवतो तो मासोळीच्या खाद्याचा दाणा, तळाला बसलेला. दुसऱ्यात लाल-हिरवा-पिवळा दाणा, वर तरंगत. गिऱ्हाईक आलं की दुकानदार बोट दाखवायचा, "हे पाहा, हा बुडते. बुडाला म्हणजे मासोळीच्या पोटात गेलाच नाही, तुमचे पैसे रेतीत." २०२० ची दिवाळी जवळ आली होती, माझ्या तोंडाला मास्क होता, त्याने मला ओळखलं नाही. सात वर्षं ह्याच माणसाने आमचा माल विकला होता. मी त्याच्याकडून त्याचंच एक पाकीट विकत घेतलं, बिल घेतलं आणि बसने पवनीला परत आलो.

धंदा सुरू झाला तो मासोळीपासून, दाण्यापासून नाही. आमचा भंडारा तलावांचा जिल्हा. इथे मासोळी म्हणजे रोहू, कतला, फार तर मरळ. जी खायची नाही ती मासोळी पाळायची, हा लोकांच्या लेखी रिकामटेकडेपणा. तरी २०१२ साली मी आणि माझ्या मामेभावाने कोलकात्याहून गोल्डफिश मागवायला सुरुवात केली. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, थर्माकोलचे डबे, रात्री गोंदिया स्टेशनवर माल उतरवायचा. ऑरांडा, ब्लॅक मूर, रियुकिन, थोडे पर्लस्केल, सगळ्या गोल्डफिशच्याच फॅन्सी जाती. प्रवासात मरतूक कमी व्हायची. मरायचे ते घरी आल्यावर, महिन्या-दीड महिन्याने. आधी एका कुशीवर कलंडायचे, मग पोट वर करून तरंगायचे. मामेभाऊ पाण्याला दोष द्यायचा, मी कोलकात्याच्या व्यापाऱ्याला.

दोष दाण्याचा होता. धंद्यातल्या लोकांना हे ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण अजूनही फोन येतात. गोल्डफिशला जठर नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, साठवायला जागा नाही. आणि फॅन्सी जात म्हणजे लांब मासोळी आखूड, गोल अंगात कोंबलेली. आतडं आणि हवेची पिशवी एकमेकांना खेटून. अशी मासोळी वर येऊन तरंगता दाणा गिळते तेव्हा हवाही गिळते. शिवाय कोरडा दाणा पोटात जाऊन फुगतो. मग तोल जातो. सगळ्या उलट्या मासोळ्या दाण्यानेच उलटतात असं मी म्हणणार नाही. थंडीने होतं, जंतूंनी होतं, काहींची अंगाची घडणच तशी असते. पण ज्याची मासोळी कलंडली त्याने दोन दिवस दाणा बंद करावा, मग उकडलेला हिरवा वाटाणा साल काढून, चुरडून द्यावा. आधी औषधाच्या दुकानात पळू नये.

तर बुडणारा दाणा करायचा ठरलं. मशीन नव्हतं, आईचं शेवयांचं यंत्र होतं. टेबलाला स्क्रूने कसायचं, वरून गोळा टाकायचा, हाताने दांडा फिरवायचा. फिशमील, वाळलेला जवळा, शेंगदाण्याची ढेप, कणीक आणि थोडं जवस, सगळं दळून वाफवायचं, घट्ट मळायचं, शेवया पाडायच्या, सावलीत वाळवायच्या आणि हाताने मोडून चाळायच्या. पहिल्या दिवशी आई दारात उभी राहून म्हणाली, "काहून बाप्पा, मासोळ्यायले आता शेवया चारता का?" त्या यंत्राला जवळ्याचा वास लागला तो गेलाच नाही. त्या वर्षी घरी शेवया शेजारच्या काकूंच्या यंत्रावर झाल्या.

पुढे नागपूरहून दाणा पाडायचं जुनं दोन एचपीचं मशीन आणलं. ज्या भोकांतून दाणा पडतो ती जाळी आम्ही लेथवाल्याकडून करून घेतो. एक मिलिमीटर, दीड आणि दोन, अशा तीन जाळ्या. नवीन माणसाला सांगतो, मोटर जपण्याआधी जाळी जपा. भोकं घासून मोठी होतात ते डोळ्याला दिसत नाही, दाणा जाड पडायला लागतो आणि लहान ऑरांडा तो तोंडात घेऊन थुंकतो. मी दर आठवड्याला भोकात सुई घालून पाहतो. जुनी शिवणाची सुई, कोणती कुठवर जाते हे हाताला कळतं. आणि प्रत्येक घाण्यातला चिमूटभर दाणा पाण्याच्या ग्लासात टाकतो. लगेच बुडाला पाहिजे आणि पंधरा मिनिटं तरी विरघळता कामा नये.

२०१४ ते २०१९ बरं चाललं. मामेभाऊ पुण्याला नोकरीला गेला, हिशेब चोख करून गेला.

मग २०२०. लॉकडाऊनमध्ये रेल्वे बंद, मासोळीचा धंदा बसलाच होता. ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशातून संजय सरोवराचं पाणी सुटलं, गोसेखुर्द धरणाची ३३ दारं उघडली आणि वैनगंगा भंडाऱ्यापासून पवनी, लाखांदूरपर्यंत घरांत शिरली. आमच्या गोदामात पाणी आलं नाही, हे मी सगळ्यांना छाती फुगवून सांगत होतो. भिंती मात्र आठ दिवस ओल्या होत्या. खालच्या थरातल्या ढेपेच्या बावीस पोत्यांना ओल लागली. पोती फोडली, ढेप उन्हात घातली, हिरवट भाग काढून टाकला, उरलेली दळून वापरली. पैसे अडकले होते. वाफवतो आहोत म्हणजे बुरशी मरेल, असा हिशेब. बुरशी मरते. तिने सोडलेलं विष वाफेने जात नाही, ते मासोळीच्या यकृतात जाऊन बसतं. हे मला महिन्याभराने कळलं.

तक्रारी सुरू झाल्या. मासोळी खात नाही, रंग उतरला, सुस्त पडते. दुकानदाराने माल परत पाठवला. तो त्याचा हक्क होता, मी एक शब्द बोललो नाही. पण पंधरा दिवसांत त्याचं स्वतःच्या नावाचं पाकीट बाजारात आलं, आणि काउंटरवर ते दोन ग्लास. दाणा खराब झाला असं तो म्हणाला असता तर मी मान खाली घातली असती. तो म्हणाला, बुडतो. जे आम्ही आठ वर्षं मेहनतीने केलं तेच आमची खोट म्हणून दाखवलं.

ह्या काळात एकच गिऱ्हाईक घरी आलं. पवनीचे निवृत्त गुरुजी. त्यांच्याकडे चार फुटांची टाकी, तीन ऑरांडा आणि एक ब्लॅक मूर. शाळेच्या हजेरीपटासारखी वही ठेवतात, तारीख, पाण्याचं तापमान, किती दाणे, कोण मागे राहिला. पाकीट कोरडं ठेवून दाणे मोजून, दोन मिनिटं पाण्यात भिजवून टाकतात. आले, चपला काढल्या, पाकीट माझ्या पुढ्यात ठेवलं.

"काळा गेला."

मी गप्प.

"अरे, ह्या खेपेला वास वेगळा होता. मला पाकीट उघडल्याबरोबर आला. तुला दळताना कसा नाही आला?"

"आला होता, गुरुजी."

त्यांनी चहा घेतला नाही. उठताना मात्र म्हणाले, "पुढच्या महिन्याचा दाणा लागेल, तीन उरले आहेत."

त्या आठवड्यात उरलेला सगळा माल खड्ड्यात पुरला. गाईला घाला असं दोघे-तिघे म्हणाले, घातला नाही. शेंगदाण्याची ढेप तेव्हापासून बंद. आता सोयाबीनची ढेप वापरतो, तीही नीट भाजलेली, कारण कच्च्या सोयाबीनने मासोळीला अन्न पचत नाही. सरकीची ढेप आपल्याकडे स्वस्त मिळते म्हणून कोणी सुचवतं. सरकीत मासोळीला न चालणारा पदार्थ असतो, त्या वाटेला जाऊ नका. रंगासाठी स्पिरुलिना घालतो. दसऱ्यानंतर झेंडू मातीमोल मिळतो, तोही करून पाहिला, पण गोल्डफिशच्या लालीला स्पिरुलिना सरस. आणि बाजारच्या फुलांवर काय फवारलेलं असतं ते आपल्याला शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको. लाल-हिरवा रंग टाकलेल्या दाण्याने पाणी रंगतं, मासोळी नाही.

विचारलं नसलं तरी सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो. तापल्या पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून दुपारी दाणा टाकूच नका, सकाळी लवकर थोडा द्या. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकाच. अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत हिवाळ्यात पाणी दहाच्या खाली गेलं तर दाणा बंद. पाव, मुरमुरे, लेकरांच्या हातची बिस्किटं, काही नाही. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, उघडलेल्या दाण्यातलं क जीवनसत्त्व आधी जातं. मी स्वतः मोठं पाकीट काढत नाही, विक्री कमी होते तरी.

धंदा परत उभा राहायला तीन वर्षं लागली. नागपूरचं ते दुकान सुटलं ते सुटलंच. आता माल वर्धा, चंद्रपूर, गोंदियाला कुरिअरने जातो. पाकिटावर नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापलं आहे, 'बुडणारा दाणा'. छापखान्यातल्या पोराला वाटलं काहीतरी चुकलं, त्याने दोनदा फोन केला.

मागच्या महिन्यात गुरुजींनी नागपूरहून एक पाकीट आणून दिलं. त्याच दुकानाचं, नवीन छपाई, वर 'सिंकिंग' आणि किंमत आमच्यापेक्षा वीस रुपये जास्त. मी ग्लास भरला, चिमूटभर टाकला. गुरुजी घड्याळ लावून बसले. पंधरा मिनिटं झाली तरी अर्धे दाणे वरच होते.