झडीचा आठवडा आणि आमच्या घरातले वाचन

सलग चार-सहा दिवस ऊन न पडता पावसाची रिपरिप चालू राहिली, की विदर्भात आम्ही त्याला झड म्हणतो. काळ्या मातीच्या गावात झड लागली म्हणजे शेतातली जवळजवळ सगळी कामे थांबतात, कारण ओल्या चिकट जमिनीत पिकाच्या ओळींमधले तण काढणारा डवरा चालत नाही, निंदायला गेलेल्या बायांचे पाय घोट्यापर्यंत रुततात आणि फवारलेले औषध पानावर टिकत नाही. गेल्या श्रावणात यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावात अशी आठवडाभराची झड लागली होती, आणि त्या आठवड्यात रोज दिवेलागणीनंतर सर्वांनी मिळून वाचण्याचा प्रयत्न मी घरात करून पाहिला. तो आधी फसला, मध्ये बंद पडण्याच्या बेतात आला आणि नंतर मी ठरवलीच नव्हती अशा वाटेने पुढे गेला. इतर घरांना उपयोग होईल म्हणून तो घडला तसा लिहीत आहे.

आम्ही घरात पाच माणसे आहोत. माझे बी. ए. लग्नाआधी झाले. यजमानांची शाळा मामंजींच्या आजारपणामुळे नववीत सुटली आणि तेव्हापासून पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तूर आणि सोयाबीन हेच त्यांचे जग झाले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शाळेत कधीच गेल्या नाहीत. बचत गटाच्या कागदावर सही करता यावी एवढी अक्षरे त्या शिकल्या आहेत. मुलगी सातवीत आहे आणि मुलगा तिसरीत. मुलीच्या बाईंनी पालकसभेत मला एक गोष्ट सांगितली होती, ती माझ्या मनात सलत राहिली. मुलगी धडा एका दमात घडाघडा वाचते, पण वाचून झाल्यावर त्यात काय होते असे विचारले तर गप्प राहते, असे त्या म्हणाल्या होत्या. घरी पाहिले तर झडीच्या दिवसांत प्रत्येकजण वेगळ्या कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेला असे, आणि आत्याबाई छपरीत एकट्याच पावसाकडे पाहत असत.

पुस्तकांची अडचण फारशी आली नाही. मामंजींची ग्रामगीता लाल फडक्यात बांधलेली देवघरात होती. शाळेतून ‘किशोर’चे जुने अंक मागून आणले; बालभारतीचे हे मासिक १९७१ पासून निघते आणि तिसरीतल्या मुलालाही त्यात स्वतःपुरते काही ना काही सापडते. माझ्या स्वतःच्या पुस्तकांत, शाळेत बक्षीस मिळालेली ‘श्यामची आई’ची प्रत होती. ती निवडण्यामागे माझा एक हिशेब होता. या पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतो आणि अशा बेचाळीस रात्री होतात. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांच्या आत ते लिहून काढले. रोज संध्याकाळी एकेक रात्र वाचावी, असा माझा बेत होता.

पहिल्या संध्याकाळी सगळ्यांचे मोबाइल ज्वारीच्या कोठीवर ठेवले आणि तासभर कोणी उठायचे नाही असा नियम सांगितला. श्रावण म्हणून ग्रामगीतेपासून सुरुवात केली, मग पहिली रात्र घेतली, आणि सगळे मीच वाचले. पाऊण तास मी वाचत राहिले. मुलगा पंधरा मिनिटांत आत्याबाईंच्या मांडीवर झोपला, यजमान गोठ्यात ढेप ठेवायची राहिली म्हणून उठले ते परत आलेच नाहीत, आणि मुलगी कोठीकडे पाहत बसून राहिली. ती संध्याकाळ म्हणजे माझे एकटीचे पारायण झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी पद्धत बदलली. प्रत्येकाने एकेक परिच्छेद वाचायचा आणि पुस्तक पुढच्याच्या हातात द्यायचे. मुलीने नेहमीप्रमाणे घडाघडा वाचले. पुस्तक यजमानांकडे आले. ते जोडाक्षरापाशी थांबत, बोट ओळीवर ठेवून पुटपुटत आणि मग शब्द मोठ्याने म्हणत. तिसऱ्या ओळीत ते अडखळताच मुलीने तो शब्द पटकन सांगून टाकला. पुढच्या ओळीत पुन्हा तेच झाले, आणि या वेळी तिला थोडे हसूही आले. यजमानांनी पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, “तूच वाच बापा, मले जमत नाही.” ते रागावले नव्हते. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता आणि तेच मला जास्त लागले. आत्याबाईंनी मुलीला जवळ घेतले आणि एवढेच म्हणाल्या, “बापाच्या तोंडातला शब्द असा ओढून घेऊ नये, बाई.”

तिसऱ्या दिवशी वाचन झाले नाही. मी तरोट्याची भाजी निवडत बसले आणि माझ्या मनात आले की सगळे इथेच थांबवावे. विचार करताना एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. मी निवडलेले प्रत्येक पान मला आणि मुलीला सोपे जाईल असे होते. ज्या माणसाने वीस-बावीस वर्षांत हिशेबाची वही, सातबारा आणि औषधाचे पत्रक यांपलीकडे काही वाचलेले नव्हते, त्याच्या हातात मी त्याच्याच लेकरांसमोर परक्या मुलखातले पुस्तक दिले होते. परका मुलूख हे मी विचारपूर्वक म्हणते. श्यामचे कोकण आमच्या मुलांना फार लांबचे आहे. समुद्र घरात कोणीच पाहिलेला नाही आणि आमच्या वरणात आमसुलाच्या जागी चिंच पडते.

चौथ्या दिवशी दुपारीच लाइन गेली. संध्याकाळी कंदील लावून मी फळीवरची कृषिसंवादिनी काढली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ही माहितीवही यजमान जपून ठेवतात. मी काही न बोलता कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे पान उघडून मुलीला वाचायला दिले. ती ‘प्रादुर्भाव’ या शब्दावर अडली, पुढे ‘कामगंध सापळे’ यावर थांबली आणि ‘डोमकळी’ला तर तिने सरळ वर पाहिले. यजमान खाटेवरून म्हणाले, “आण इकडे, काय लिहून आहे पाहू.” त्यांनी पुस्तक हातात घेतले आणि ‘प्रादुर्भाव’ हा शब्द एकदाही न अडखळता वाचला. हाच शब्द त्यांनी पत्रकांवर शेकडो वेळा पाहिलेला होता. मुलगी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिली.

त्यानंतरचा तासभर ते बोलत होते आणि आम्ही चौघे ऐकत होतो. बोंडअळीची मादी पतंग सोडते तसाच वास देणारी गोळी सापळ्यात बसवतात, त्या वासाने नर पतंग येऊन अडकतात, हेक्टरी पाच सापळे लावायचे, आणि सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले तर अळी नुकसानीच्या पातळीला पोचली असे समजायचे, हे त्यांनी एकेक वाक्य वाचून आणि मग स्वतःच्या शब्दांत सांगून समजावले. मुलाने विचारले की ही अळी गुलाबीच जन्मते का. ती आधी पांढुरकी असते आणि मोठी होताना गुलाबी होते, हे उत्तर पुस्तकात नव्हते. ते त्यांनी बोंडे फोडून पाहिलेले होते.

मग त्यांनी औषधाच्या खोक्यातले घडीचे पत्रक आणले. त्यावरची अक्षरे मुंगीएवढी असतात आणि कंदिलाच्या उजेडात त्यांना ती दिसेनात, म्हणून ती मुलीने वाचली आणि अर्थ त्यांनी सांगितला. लाल त्रिकोण असलेले औषध सर्वांत जास्त विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा, हे मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. आमच्या आजूबाजूच्या घरांतून ती भीती अजून गेलेली नाही. पत्रक नीट वाचणे ही आमच्याकडे जिवाची गोष्ट आहे आणि ते कोणी मोठ्याने वाचून दाखवले पाहिजे, हे मला स्वतःलाही तोपर्यंत इतके स्पष्ट कळलेले नव्हते.

पाचव्या दिवशी दुपारी घटकाभर पाणी उघडले. यजमान दोन्ही मुलांना घेऊन बांधाबांधाने शेतात गेले, आणि मीही मागे गेले. पऱ्हाटीला नुकती फुले लागली होती. कपाशीचे फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरे असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, त्यामुळे मुलगा प्रत्येक गुलाबी फुलापाशी ओरडू लागला. यजमानांनी त्याला थांबवून शेवटी एक खरी डोमकळी शोधून दाखवली. तिच्या पाकळ्या आतून अळीने बांधून टाकलेल्या होत्या आणि ते फूल न उमललेल्या गुलाबाच्या कळीसारखे दिसत होते. मुलीने ते तोडून उघडले आणि आत अळी सापडली. त्या संध्याकाळी आदल्या दिवशीचेच पान मुलीने पुन्हा वाचले, पण या वेळी ती हळू वाचत होती आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबत होती. पालकसभेत बाईंनी जी उणीव सांगितली होती ती भरून निघायला मी पुस्तकांच्या ढिगात उपाय शोधत होते, आणि तो आमच्याच पऱ्हाटीत उभा होता.

त्यानंतर यजमानांनी आपण होऊन ‘श्यामची आई’ मागितली. मुलीला मी काही सांगितले नव्हते, तरी ते अडले की ती ओठ घट्ट मिटून वाट पाहत असे.

सहावा दिवस आत्याबाईंचा होता. सगळे वाचतात आणि आपण नुसत्या ऐकतो, अशी त्यांच्या मनात कुठे तरी टोचणी असावी, कारण त्या दिवशी त्या म्हणाल्या, “माया जवळ पुस्तक नाही, पण ओव्या हायेत.” गावात पिठाची चक्की आल्यापासून आमचे जाते गोठ्याच्या कोपऱ्यात पडून होते. त्या आठवायला बसल्या, पण दोन ओव्यांपुढे काही येईना. मग यजमानांनी जाते उचलून छपरीत आणले, धुतले आणि मूठभर ज्वारी आणून ठेवली. आत्याबाईंनी खुंटा धरून जाते फिरवले मात्र, एकामागून एक ओवी येऊ लागली. माहेरच्या, भावाच्या, पंढरीच्या आणि लहानपणी गेलेल्या एका बहिणीच्याही ओव्या होत्या. त्या बहिणीचे नाव मी या घरात पहिल्यांदाच ऐकले. मुलीने वही घेतली आणि लिहू लागली. त्या संध्याकाळी एकोणीस ओव्या उतरल्या.

नंतर तिने त्या वाचून दाखवल्या तेव्हा आत्याबाईंनी तिला थांबवले. “मी असं म्हणलं नाही,” त्या म्हणाल्या. मुलीने ‘मले’ऐवजी ‘मला’ आणि ‘तुले’ऐवजी ‘तुला’ लिहिले होते, आणि शाळेत ते बरोबर धरले गेले असते. मला त्या वेळी रिद्धपूरची आठवण झाली. अमरावती जिल्ह्यातले हे गाव आत्याबाईंना शेजारच्या महानुभाव कुटुंबाबरोबर केलेल्या यात्रेमुळे माहीत आहे, परंतु मराठीतला आद्य गद्यग्रंथ, लीळाचरित्र, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथे सिद्ध केला, हे त्यांना किंवा मुलांना माहीत नव्हते. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या सहवासात राहिलेल्या माणसांना भेटून, त्यांना जे जसे आठवत होते ते विचारून म्हाइंभटांनी ते लिहिले, हे मी मुलीला सांगितले. तिने तीनही पाने फाडून टाकली आणि सगळ्या ओव्या आजीच्या बोलीत पुन्हा लिहिल्या.

सातव्या दिवशी सकाळी ऊन पडले आणि दुसऱ्या दिवसापासून डवरणीची, निंदणाची एकच घाई सुरू झाली. बेचाळीस रात्रींपैकी आमच्या जेमतेम चार झाल्या होत्या. रोजचा तास आता राहिलेला नाही. ज्या दिवशी जमते त्या दिवशी जेवणानंतर अर्धा तास वाचतो आणि ज्या दिवशी सगळे थकलेले असतात त्या दिवशी मी आग्रह धरत नाही. पुस्तक कोणाच्या हातात द्यायचे हे मात्र मी ठरवत नाही, ज्याला हवे तो उचलतो, आणि कृषिसंवादिनी आता फळीवरून खाली, इतर पुस्तकांबरोबर असते.

पोळ्याच्या बाजारातून यजमानांनी बैलांसाठी नवे कासरे आणि बेगड आणले, आणि त्याच पिशवीत स्वतःसाठी चाळिशीचा चष्मा होता. त्या रात्री त्यांनी मुलीची वही मागून घेतली आणि खाटेवर बसून आपल्या आईला तिच्याच ओव्या वाचून दाखवल्या. आत्याबाई डोळे मिटून ऐकत होत्या. चौथ्या ओवीला त्यांनी हात वर करून लेकाला थांबवले आणि एक शब्द बदलायला सांगितला, तेव्हा मुलगी पेन आणायला आत धावली.